एक मात्रा जास्त

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवालीनं तराजू उचलला की माझी नजर तिच्या अंगठ्यावर जाते. कुणी कारण नसताना चहा पाजला, तर त्याचं माझ्याकडे काय अडलं असेल याचा विचार मी कप रिकामा होईपर्यंत करत असतो. बायको म्हणते, लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, तुम्ही पोळायच्या आधीच फुंकत बसता. तिचं खरं आहे. पण आम्ही राहतो त्या मुलखात फुंकून पिणारा मी एकटा नाही. आमच्याकडे नाक्यावर बस थांबते, कुणीतरी वर चढून पिशव्यांवर नजर फिरवतं, आणि आतल्या एखाद्या गावात गेलं की म्हातारीसुद्धा आधी विचारते, "कोणाकडं आले, भाऊ?" उत्तर पटलं तरच पाणी येतं.

माझ्या संशयाला वळण लावलं अब्बांनी. त्यांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. कुणी कुर्ता आणून "नवाच हाय, जरासा ढिला करा" म्हणालं की ते काही न बोलता शिवण उलटी करून बघत. मग सांगत की हा आधी एकदा उसवलाय आणि मूळचा दुसऱ्याच्या मापाचा आहे. गिऱ्हाईक ओशाळं होई. आदमी झूठ बोलेगा, सिलाई नहीं बोलती, असं ते म्हणत. मी शिलाई शिकलो नाही, मराठी शिकलो, आणि तालुक्याच्या गावी एका कॉलेजात पंचवीसेक वर्षं मराठी शिकवतो आहे. नवे पालक अजून आधी माझ्या दाढीकडे आणि मग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघतात. मराठीचे सर तुम्हीच का, असं तोंडानं विचारत नाहीत, एवढंच.

कॉलेजचा वार्षिकांक निघतो, त्याच्या कविता तपासायचं काम माझ्याकडे आहे. दरवर्षी शंभरेक कविता येतात आणि त्यातल्या निम्म्या चोरीच्या असतात. चोर पकडायची माझी पद्धत साधी आहे. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अशी बोटांवर मोजत जायचं. मूळ कवीनं ओळ मापात बसवलेली असते. चोर ती उचलतो, पण आपली वाटावी म्हणून एखादा शब्द बदलतो, आणि नेमकं तिथंच माप चुकतं. एकानं समुद्राची कविता आणली होती. समुद्राच्या जागी त्यानं वैनगंगा घातली, ओळ तीन मात्रांनी फुगली, आणि वैनगंगेच्या काठावर शंख-शिंपले पसरलेले तसेच राहिले. मी त्याला विचारलं, "शिंपले कुठून आणलेस रे?" तो म्हणाला, "बाजारातून, सर." वर्ग पोट धरून हसला. मला असली शिकार आवडायची, हेही कबूल करायला हवं.

हल्ली मोबाइलही कविता लिहून देतो. पण तिथं फार डोकं चालवावं लागत नाही. यमक ठाकठीक असतं आणि आत कुणाचंच घर नसतं. अशा कविता मी वासावरून बाजूला काढतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक वहीचं पान आलं. पहिल्या वर्षाची मुलगी, भामरागडच्याही पलीकडच्या एका गावातली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. वर्गात ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि हजेरीला "हजर" एवढंच बोलायची. तिची मराठी दोन ठिकाणची होती. निबंधात आश्रमशाळेच्या पुस्तकातली, बोलताना बाजारातली. घरी ती माडिया बोलत असणार. अशा मुलीनं कविता दिली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी खिशातून लाल पेन्सिल काढली.

पूर उतरला, वाट निघाली,
डोंग्यामधुनी सगळी आली.

पूर उतरला, आठ. वाट निघाली, आठ. डोंग्यामधुनी, आठ. सगळी आली, आठ. सोळा मात्रांचं पादाकुलक, एकेक ओळ मधोमध दुमडता येईल अशी. ज्याच्या गावाचा रस्ता पावसाळ्यात नदी खाऊन टाकते, त्यालाच डोंग्यातून येणारी माणसं सुचावीत हे ठीक. पण हे माप? वृत्तांचं प्रकरण मी अजून शिकवलंही नव्हतं. पोरीनं कुठून तरी उचललंय. मी पुढं गेलो.

आई म्हणते, नकोस जाऊ,
आला नाही अजून पाहुणा.

आणि तिथं पेन्सिल थांबली. पहिली ओळ सोळा. दुसरीत 'आला नाही' आठ, 'अजून पाहुणा' नऊ. एक मात्रा जास्त. बरं, यमकही नाही. आधीच्या जोडीत निघाली-आली, पुढच्या सगळ्या जोड्यांत नीट यमक, आणि इथंच जाऊला पाहुणा? मी त्या शब्दाभोवती लाल गोल केला. पुढची जोडी अशी होती:

थाळी मांडुन चौथी ठेवी,
भात शिळा मग आपण जेवी.

आठ-आठ, आठ-आठ. ठेवी-जेवी. बिनचूक. बाकीच्या दोन जोड्या नदीच्या आणि बांधावरच्या झाडाच्या होत्या, त्याही बिनचूक. म्हणजे सबंध कवितेत एकच शब्द उपरा होता. शिवण उलटी करायचीही गरज नव्हती, दोरा बाहेरच लोंबत होता.

मी तिला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं.

"ही तू लिहिलीस?"

"हो सर. मीच लिवली."

"इथं आधी कोणता शब्द होता?"

तिनं लाल गोलाकडे पाहिलं आणि मग माझ्या चपलांकडे. "हाच होता."

"हा नव्हता. या ओळीत एक मात्रा जास्त आहे. तू शब्द बदलला आहेस."

"असाच सुचला, सर."

"कुठून घेतलीस कविता? पुस्तक होतं की मोबाइल?"

"माझ्याजवळ मोबाइल नाई."

डोळे वर येईनात. पंचवीस वर्षांत मी असे पुष्कळ खाली गेलेले डोळे पाहिले होते आणि त्यांचा एकच अर्थ मला ठाऊक होता. जा म्हणालो. ती कागद मागत होती, मी दिला नाही. पुरावा कुणी परत करतं का?

खरं तर तिथंच थांबता आलं असतं. कविता नापसंत, विषय संपला. पण मला ती चोरी सिद्ध करायची होती आणि त्यातून वृत्तांचा धडाही उरकायचा होता. एका दगडात दोन पक्षी मारायची मला भारी हौस. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर ती दोन ओळींची जोडी लिहिली आणि 'पाहुणा' पुसून तिथं रिकामी चौकट काढली. कविता कुणाची ते सांगितलं नाही. एवढं सौजन्य आपण दाखवलं याचंही मला कौतुक वाटत होतं.

मी मात्रा समजावल्या. मग म्हणालो, "आता चौकटीतला शब्द शोधा. अटी चार. दोन अक्षरी. दोन्ही दीर्घ, म्हणजे चार मात्रा. 'आला' म्हटलंय, म्हणजे पुल्लिंगी. आणि 'जाऊ'शी यमक जुळलं पाहिजे."

वर्ग खुशीत आला. कोड्यासारखं झालं होतं ते. मागून एकजण ओरडला, "खाऊ!" आला नाही अजून खाऊ. हशा. दुसरा म्हणाला, "काऊ!" पुन्हा हशा. मी म्हटलं, "चालतंय, मापात बसतंय. पण आई कशासाठी पोरीला थांबवेल? जरा डोकं लावा."

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उभी राहिली. "भाऊ, सर. आला नाही अजून भाऊ."

मी चौकटीत तो शब्द लिहिला आणि ओळ मोठ्यानं वाचली. आई म्हणते, नकोस जाऊ, आला नाही अजून भाऊ. कुलूप उघडताना होतो तसा आवाज आला जणू. नकोसला अजून, जाऊला भाऊ, सगळं आपापल्या जागी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली. माप, यमक आणि अर्थ तिन्हींनी एकाच शब्दाकडे बोट दाखवावं, असा योग शिक्षकाच्या नशिबी वारंवार येत नाही.

तेव्हा शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला.

"मले भाऊ नाई, सर."

ती उभी होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. कविता तिची आहे हे वर्गात कुणाला तोपर्यंत ठाऊकही नव्हतं. आता सगळी डोकी तिच्याकडे वळली. "मले भाऊ नाई," ती पुन्हा म्हणाली आणि बसली.

आणि मला, खुदा माफ करो, आनंद झाला. भाऊ नाही ना तुला? मग ही कविता दुसऱ्या कुणाची तरी आहे, जिला भाऊ आहे. तिची तू उचललीस, तुला भाऊ नाही म्हणून शब्द बदललास, आणि सापडलीस. पुराव्याची साखळी पूर्ण झाली होती. मी फळा पुसला आणि हात झटकले.

दुपारी घरी जेवायला गेलो तेव्हा तो कागद खिशात होता. बायकोला मी असल्या शिकारीच्या गोष्टी सांगतो. ती भाकरी टाकत टाकत ऐकते आणि बहुतेक वेळा चोराची बाजू घेते. तिनं पिठाचे हात पदराला पुसून कागद घेतला आणि ओठ हलवत वाचला. तिला मात्रा येत नाहीत. कागद परत देताना तिनं विचारलं, "इसके घर में कितने लोग हैं?"

"कुणास ठाऊक. आई-बाप आणि ही. भाऊ नाही म्हणते."

"तीन लोग," ती म्हणाली, "और थाली चार कायको?"

मी कागद पुन्हा पाहिला. थाळी मांडुन चौथी ठेवी. त्या ओळीखाली माझी पेन्सिलची खूण होती, बरोबरची. आठ आणि आठ.

"किसी और का लिखा होगा," मी म्हणालो.

"दूसरे का होता, तो भाई बोलने में उसको क्या डर?" बायको म्हणाली आणि तव्याकडे वळली. "चोर शब्द बदलता है अपना करने को. ये छुपाने को बदली है. तुमको इतना भी नहीं समझा?"

मी ताट बाजूला सारलं. संशयी माणूस असूनही एक शंका मला शिवली नव्हती. मी मात्रा मोजल्या होत्या, थाळ्या मोजल्या नव्हत्या. वर्गशिक्षक म्हणून सगळ्यांचे प्रवेशअर्ज माझ्याच कपाटात असतात. कॉलेजात परत जाऊन मी तिचा अर्ज काढला. कुटुंबातील व्यक्ती: तीन. त्या तीनच्या खाली आधी काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलेलं होतं. कागद तिथं पातळ झाला होता.

आमच्या भागात एखाद्या घरातला तरणा मुलगा दिसेनासा झाला आणि घरचे त्याचं नाव घेईनासे झाले की शेजारीही ते घेत नाहीत. तो कुठं गेला हे विचारणं म्हणजे तुम्ही कुणाच्या वतीनं विचारता, हे आधी सांगणं. उत्तर मागणारे दोन्हीकडे असतात, वर्दीतले आणि जंगलातले. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी इथंच जन्मलो. पण शिकारीच्या नादात मी एका मुलीच्या घराचं दार चाळीस पोरांसमोर उघडून दिलं होतं आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. मला तिची भीती वाटली नाही, तिच्यासाठी वाटली, आणि स्वतःची किळस आली.

गोष्टीला पाय फुटतात. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. वाईट माणूस नाहीत ते, पण कागदाला भितात. आमचा वार्षिकांक बऱ्याच कार्यालयांत जातो आणि दरवर्षी छापायच्या आधी प्राचार्य प्रत्येक पान उजेडात धरून बघतात.

"ती कविता कोणाची म्हणता?" त्यांनी विचारलं. "मुलं काहीबाही बोलून राह्यली. कोणता भाऊ? कुठी गेला? काऊन आला नाही? त्या बाजूची पोरगी, सर. उद्या कोणी येऊन मले विचारलं, तर मी काय सांगू?"

"काही सांगायची गरज नाही," मी म्हणालो.

"कशी नाही? बोलवा तिले. आपण विचारून घेऊ."

शिपाई तिला घेऊन आला. ती दारात उभी राहिली, दोन्ही हातांत ओढणीचं टोक. प्राचार्यांनी घसा साफ केला. ते काही विचारणार, तेवढ्यात मी बोललो. इतक्या वर्षांत इतक्या घाईनं मी कधी बोललो नसेन.

"विचारायचं काही नाही, सर. कविता हिची नाहीच. चोरीची आहे. मी मात्रा तपासल्या आहेत. एक शब्द बदललाय, बाकी सगळी उचललेली. हिला भाऊ नाही, हे हिनं सगळ्या वर्गासमोर सांगितलंय."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. चोरी ही किती सोपी गोष्ट! तिचा अहवाल होतो, ताकीद होते, फाइल होते. "असं का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी डोळे चोरले नाहीत, फक्त मान अगदी थोडी हलवली. तिला ती दिसली की नाही, मला कळलं नाही.

"हो, सर," ती म्हणाली. "चोरली."

"कुठून?"

"एका पुस्तकातून. नाव ध्यानात नाई."

प्राचार्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. तिनं लिहिलं, ही कविता माझी नाही, पुन्हा असं करणार नाही. खाली सही केली. अक्षर त्या वहीच्या पानावरचंच होतं, सुबक आणि किंचित उजवीकडे झुकलेलं. मला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. मी केली. कविता तिची आहे हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि नाही म्हणणारा कागदही आम्ही दोघांनीच पुरा केला.

पुढचे दिवस तिला वाईट गेले. पोरं तिला 'चोरटी' म्हणू लागली. वसतिगृहात कुणाचा कंगवा हरवला तरी तिच्याकडे बघत. मी ओरडलो तर उलट चर्चा वाढेल, म्हणून गप्प बसलो. या गप्प बसण्याला मी शहाणपण म्हणत होतो. बायको त्याला दुसरं नाव देत होती. शेवटी बरं एवढंच झालं की भावाचा विषय विझला. चोरट्या पोरीला कोण विचारतो, तुझा भाऊ कुठंय म्हणून!

वार्षिकांक छापून आला आणि वाटला गेला. नंतर महिन्याभरानं, एका दुपारी कॉलेज सुटताना, ती स्टाफरूममध्ये आली. खोलीत मी एकटाच होतो. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलणार, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली. ती तसं काही बोलली नाही. तिनं आधी दाराबाहेर दोन्हीकडे पाहून घेतलं.

"सर, ती ओळ तुमाले नीट करून देता येते का?"

"कोणती?"

"पाहुण्याची."

"आता कशाला? छापून झालं सगळं."

"छापाले नाई. मायसाठी पाहिजे."

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक, मध्ये मध्ये दाराकडे बघत. कविता तिनं दिवाळीच्या सुट्टीत घरी रचली होती. मोठ्यानं म्हणून म्हणून माप लावलं होतं. धान्याच्या पायल्या मोजतात तसं, पायानं ठेका देत. मात्रा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. तिची आई मराठी बाजारापुरती बोलते, पण म्हणून दाखवलेलं तिच्या तोंडात चटकन बसतं. तिला पहिल्याच दिवशी सगळी कविता पाठ झाली. आणि त्यात तेव्हा पाहुणा नव्हता.

"चार पावसाळे झाले," ती म्हणाली. "बाजाराले म्हणून गेला. कोणी म्हणते जंगलात गेला. कोणी म्हणते सूरजागडाकडं खाणीत कामाले लागला. कोणी म्हणते तेलंगणात मिरची तोडाले गेला, तिथंच राह्यला. आमाले काहीच माहीत नाई. पण येऊन विचारतात. आज हे येतात, उद्या ते येतात."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माय बोरिंगवर पाणी भरते, तिथं म्हणते. हात चालला की तोंड चालते तिचं. सगळे ऐकतात. मी तिले सांगतलं, भाऊ नको म्हणू, पाहुणा म्हण. किती वेळा सांगतलं. तिच्या तोंडात बसत नाई. पाहुणा म्हणाले जाते आन अडकते, मग परत भाऊच म्हणते." ती थांबली. "तुम्हीच म्हणलं होतं ना सर, एक मात्रा जास्त हाय. म्हणूनच नाई बसत."

मी तिला दोन दिवसांनी ये म्हणालो. घरी गेलो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचं मागचं कोरं पान घेऊन बसलो. आयुष्यभर मी लोकांनी बदललेले शब्द शोधले, आणि आता शोधणाऱ्याला सापडणार नाही असा शब्द मला बदलायचा होता. जाऊला यमक पाहिजे. सोळा मात्रा पाहिजेत. वाट पाहणं नको, कुणाचं येणं नको, कुणाचं जाणं नको. आणि एका आईला ते पाणी भरताना आपोआप म्हणावंसं वाटलं पाहिजे. एवढ्या अटी मी कुठल्याही वर्गाला कधी घातल्या नव्हत्या. दोन संध्याकाळी गेल्या. बायको चहा ठेवून जायची आणि कागदाकडे बघायचीही नाही.

शेवटी जमलं ते हे:

आई म्हणते, नकोस जाऊ,
आपण दोघी गाणी गाऊ.

आणि थाळीची जोडी मी अशी केली:

थाळी घासुन पुसून ठेवी,
भात गरम मग आपण जेवी.

मी बोटांवर मोजलं. मग उलट्या दिशेनं मोजलं. मग परक्या माणसाच्या, माझ्यासारख्याच एखाद्या हलकटाच्या नजरेनं वाचलं, की कुठं काही काढून घातल्यासारखं वाटतं का. कुठंच वाटत नव्हतं. सुखी घर होतं, गरम भात होता, मायलेकी गात होत्या. इतकी निर्दोष आणि इतकी खोटी ओळ माझ्या हातून कधी उतरली नव्हती. ती जमली याचा मला राग आला.

तिसऱ्या दिवशी ती आली. तिनं कागद वाचला आणि टाच हलकेच फरशीवर आपटत पुटपुटून पाहिलं. "बसते," ती म्हणाली. चेहऱ्यावर ना आनंद ना दुःख. नवा दोर मोटेला बांधून ताणून बघावा तसं तिनं त्या ओळीला ताणून पाहिलं होतं.

"आईला शिकवताना आठ मात्रांवर थांबायला सांग," मी म्हणालो. "'आपण दोघी' म्हटलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग 'गाणी गाऊ'. घाई झाली की जुना शब्द येतो तोंडात. म्हणून दाखव बरं एकदा."

तिनं म्हणून दाखवलं. आवाज बारीक होता पण ठेका पक्का. पूर उतरला, वाट निघाली. डोंग्यामधुनी सगळी आली. आई म्हणते, नकोस जाऊ, आपण दोघी, थांबली, श्वास घेतला, गाणी गाऊ. बरोबर आलं. मी पुन्हा म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा तिला कागद बघावा लागला नाही. तिनं डोळे मिटले, टाच चालू ठेवली. आई म्हणते, नकोस जाऊ, आणि पुढं, जराही न अडखळता, तिच्या तोंडून आलं, आला नाही अजून भाऊ.

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. व्हरांड्यात शिपाई टेबलं ओढत होता. तिचे डोळे भरून आले होते. मी उठलो, दार लोटून घेतलं आणि परत येऊन तिच्यासमोर बसलो.

"परत म्हण," मी म्हणालो.